हेइकाचं नाक, माग्गाचे हात

माग्गाने नवऱ्याचा कळप मारला, आणि तोही एका जनावराला बोट न लावता, असं आमच्याकडे कुजबुजत सांगायचे. सांगताना कॉफीचा कप तोंडासमोर धरायचे, म्हणजे लांबून बघणाऱ्याला हा बोलतोय की पितोय ते कळू नये. बर्फाखाली बुरशी आहे हे तिला ठाऊक होतं, वास तिनेच घेतला होता, आणि तरी तिने नवऱ्याला 'चांगलं आहे' अशी खूण केली. एका गाण्याचा सूड म्हणून. ही गोष्ट माझ्याकडे इतक्या तोंडांतून आली, की प्रत्येकाने तिला आपापलं मीठ लावलेलं. कुणी म्हणे, ती त्या वेळी हसली. कुणी म्हणे, बर्फावर थुंकली. पाद्रीणबाईंनी तर तिच्या ओठांवर मंत्रही पाहिला होता, आणि पाद्रीणबाई त्या दिवशी दोन डोंगर पलीकडे दात काढून घेत होत्या.

तर आधी नाकाबद्दल.

हेइका आमच्या तांड्याचा म्होरक्या. तांडा म्हणजे रेनडिअरांचा कळप एकत्र राखणारी चार-दोन घरं. कुणी कुणाला बांधलेलं नाही. म्होरक्या चुकला की तंबू गुंडाळायचा आणि शेजारच्या तांड्यात जायचं. त्यामुळे म्होरक्याजवळ काहीतरी असावं लागतं. कुणाजवळ पैसा असतो, कुणाजवळ धडधाकट मुलगे. हेइकाचे पाय वाकडे, दाढी विरळ, मुलगा नाही. त्याच्याजवळ नाक होतं.

हिवाळ्यात जनावरं बर्फ उकरून जगतात. खाली दगडफुलाच्या जातीचं पांढरं, झुबकेदार चरण असतं आणि त्याच्या बुडाशी हिरवं शेवाळ. आधी जमीन टणक गोठली आणि मग बर्फ पडलं तर चिंता नाही. पण जमीन अजून ओली, कोमट असताना बर्फाची जाड गादी पडली, की खाली बुरशी जागी होते. बाहेर माणसाच्या पापण्या एकमेकींना चिकटतात आणि ती आत मजेत हातपाय पसरते; शेवाळावर, गवतावर, झुडपांच्या पानांवर करडे तंतू, कोळिष्टकासारखे. वरून सगळं पांढरंशुभ्र. जनावराने ते खाल्लं तर तोंडाला फेस, हगवण, आणि गाभण मादीचं पाडस वसंतात मेलेलंच पडतं.

म्हणून काठीच्या फावड्याने बर्फाला भोक पाडायचं, खालचा गोळा उपटायचा आणि नाकाला लावायचा. करतात सगळेच. पण बुरशी कोवळी असली की तिचा वास फार पुसट असतो, आणि तिथे हेइका लागायचा. टोपी काढायचा, कुत्र्यांना लांब हाकलायला सांगायचा, डोळे मिटायचा. आम्ही श्वास रोखून उभे. मग एक डोळा उघडून म्हणायचा, "चला, उतरवा कळप." किंवा, "इथे मड्याच्या बुटांचा वास येतोय." कधी चुकला नाही. त्याची थोरली बहीण सुन्ना, विधवा, जिच्या तोंडाला कधी कडी बसली नाही, ती चर्चच्या दारात सांगायची, "माझ्या भावाला पुढच्या वर्षीचासुद्धा वास येतो!"

मग एका शरदात, कुंपणात नर धरताना, फासाची दोरी हेइकाच्या मनगटाला गुंडाळली गेली. नराने हिसका दिला आणि हेइका उताणा खडकावर. डोकं मागून फुटलं. काही दिवस तो सुन्नाला पाद्रीण समजून तिच्यासमोर पापं कबूल करत होता. सुन्नाने ती सगळी नीट ऐकून घेतली आणि नंतर सगळ्यांना सांगितली. मग तो उठला, जेवला, कुत्र्याला लाथ मारली. सगळे म्हणाले, बरा झाला.

नाक मेलेलं आहे हे माग्गाला कळलं. ती लाकडं घेऊन तंबूत शिरली तर आत धूर आणि जळक्या कातड्याची घाण. आम्ही बुटात गवत भरतो. हेइकाचा बूट चुलीच्या कडेला पडून आतलं गवत धुमसत होतं, आणि हेइका शेजारी बसून कॉफीत चीज बुडवत होता.

"काय रे, बूट भाजून खाणार आहेस?"

"कुठला बूट?"

तिने तो धुरकटलेला बूट उचलून त्याच्या नाकाखाली धरला. त्याने त्याच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

मग त्याने तिची वेणी हाताला गुंडाळून तिला खाली ओढलं. "बाहेर बोललीस तर जीभ कापून कुत्र्याला घालीन."

"घाल. मग वास कोण घेईल?"

त्याने वेणी सोडली. माग्गाने केस नीट केले आणि म्हणाली, "मी घेईन. पण तुझ्या नाकासाठी नाही, हेइका. माझ्या आईच्या खुणेची जनावरं तुझ्या कळपात चरतात. ती जगावीत म्हणून."

आमच्याकडे बायको सासरी येताना आपली जनावरं आणते, त्यांच्या कानाला तिच्या घराण्याची सुरीची खूण असते, आणि ती मरेपर्यंत तिचीच राहतात. माग्गाला आईकडून तेवढंच मिळालं होतं. हा सगळा संवाद मला दोघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितला आणि दोन्ही वेळा शब्दाला शब्द जुळला. त्यांच्या संसारात एकमत झाल्याचं मला तरी दुसरं उदाहरण माहीत नाही.

माग्गाला कोवळ्या बुरशीचा वास कुठून ओळखता यायचा? बाळाच्या पाळण्यात आम्ही शेवाळ अंथरतो, ओलं झालं की बदलतो. माग्गाने पहिल्या खेपेला पोतंभर शेवाळ निवडून, वाळवून ठेवलं होतं. बाळ मेलेलं जन्मलं. दुसऱ्या खेपेला तेच पोतं उघडलं, तेव्हा शेवाळ आतून बुरसटलेलं होतं. तिने नवीन वाळवलं. तेही वापरावं लागलं नाही. तो वास तिच्या डोक्यात बसला तो बसलाच.

युक्ती साधी होती. हेइका भोक पाडायचा, टोपी काढायचा, डोळे मिटून पूर्वीसारखाच थाट करायचा, आणि मग गोळा फेकून द्यायला मागे उभ्या असलेल्या बायकोच्या हातात द्यायचा. ती कॉफीची किटली घेऊन आलेली असायची. गोळा टाकता टाकता ती हुंगायची. चरण खराब असेल तर हात बर्फाने धुवायचे, चांगलं असेल तर नुसते झटकायचे. सगळ्यांच्या समोर चालायचं आणि कुणाला दिसायचं नाही, कारण बायकोच्या हातांकडे कोण बघतो? लोकांना एवढंच दिसलं, की माग्गा आताशा नवऱ्याच्या मागेमागे असते. तिला किटलीवाली म्हणायला लागले. काही वर्षांत कळप चांगला वाढला. हेइका फुगला.

मग ईस्टरचं लग्न आलं. आमची लग्नं ईस्टरलाच होतात, सगळे तांडे चर्चच्या गावात जमलेले असतात तेव्हा. माग्गाचा धाकटा भाऊ नीलास आमच्याच तांड्यात होता. भला माणूस, पण पोटात दारू गेली की आवाज दुप्पट व्हायचा. तो भरल्या खोलीत ओरडला, "भावजी, एक सांगा! तुमचं नाक माझ्या अक्काला बांधलंय का? ती किटली घेऊन आली नाही, तर तुम्ही भोकसुद्धा पाडत नाही!"

खोली हसली. नीलासला काही ठाऊक नव्हतं, गंमत होती. पण हेइकाचा पेला हवेतच थांबला. त्याला हे हसू आपल्या नाकावरून लगेच दुसरीकडे ढकलायचं होतं, आणि जवळ बायको होती. तो उभा राहिला आणि त्याने तिच्यावर गाणं बांधलं.

आमच्याकडे माणसावर गाणं बांधतात. एकदा बांधलं की ते त्याचं होतं. लोक नाव विसरतात, गाणं नाही. चांगल्या नवऱ्याने बांधलेल्या गाण्यावर बायका म्हातारपण काढतात. हेइकाने बांधलं ते असं होतं:

मागे मागे कोण येते, वांझ मादी, रिकाम्या आचळांची,
नराच्या लेंड्या हुंगत येते, म्हणते मला वाट कळली.

चाल झकास होती, हे मान्य करायलाच हवं. दुसऱ्या फेरीला अर्धी खोली त्याच्याबरोबर गात होती. सुन्ना मांडीवर ताल धरत होती. त्या दोन बाळांना पुरताना यांतले बरेचसे लोक हजर होते, आणि तेही गात होते. माग्गा कोपऱ्यात नळीची हाडं फोडत बसली होती. तिने हातातलं हाड फोडलं, आतला मगज नवऱ्याच्या ताटलीत ठेवला आणि म्हणाली, "हुंगत येते, ना? बरं."

हे 'बरं' हेइकाच्या घशात अडकलं. तिच्या जागी तो असता तर त्याने सूड घेतला असता. म्हणून तीही घेणारच, एवढंच त्याला दिसत होतं. उन्हाळाभर आम्ही किनाऱ्याकडच्या कुरणांवर होतो आणि माग्गा नेहमीसारखी वागत होती. त्यानेच तो जास्त घाबरला. ती मगज वाढायची, तर तो आधी कुत्र्याला द्यायचा. कुत्रा इतका माजला, की कळप हाकायला उठेना. सुन्ना विचारायची, "भाऊ वाळत चाललाय. काय घालतेस ग त्याला?" माग्गा म्हणायची, "घालते ते तुमचा कुत्रा खातो, वन्सं." तिच्या मनात त्या उन्हाळ्यात काय होतं, हे मी पुढे एकदा तिला विचारलं होतं. म्हणाली, "काय असणार? मासे वाळवायचे होते."

शरद आला तो वाईटच. जमीन गोठायच्या आधी ओलं, जड बर्फ गुडघाभर पडलं. पुढे दोन जागा होत्या. खाली भुर्जांची दरी, जिथे चरण दाट, वारा नाही, माणसांनाही आराम. वर उघडा माळ, जिथे वाऱ्याने बर्फ उडून जातं, चरण खुरटं आणि तंबू रात्रंदिवस फडफडतो. सगळ्यांना मनातून दरी हवी होती. पण दरीत बर्फ जाड, म्हणजे खाली काय शिजतंय कोण जाणे. शेजारचा तांडाही दोन्ही जागांवर डोळा ठेवून होता. आपण जे सोडू ते त्यांचं होणार होतं.

सगळे जमले. हेइकाने दरीच्या तोंडाशी भोक पाडलं. टोपी काढली, डोळे मिटले. आमचे सगळ्यांचे डोळे त्याच्या नाकावर. गोळा मागे गेला. मग वर माळावर जाऊन तसंच. परत येऊन तो बायकोकडे असं बघत राहिला, जसं पातळ बर्फाकडे बघतात. मग म्हणाला, "दरी."

माग्गा त्याच्याजवळ जाऊन काहीतरी बोलली. आम्हाला फक्त त्याचं उत्तर ऐकू आलं. "चूप! किटली सांभाळ."

कळप दरीत उतरवला. शेजारचे माळावर गेले आणि जाताना आमची कीव करावी की हेवा, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

जनावरांना मात्र नाक होतं. त्यांनी एकदा उकरलं, मान वर केली आणि सगळी ओळीने माळाकडे चालायला लागली. हेइकाने माणसं आणि कुत्री लावून ती परत वळवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा.

नीलास म्हणाला, "भावजी, ही खात का नाहीत?"

"भूक लागली की खातील."

भूक लागली आणि त्यांनी खाल्लं.

तेव्हा माग्गा सगळ्यांसमोर येऊन उभी राहिली. "दरीतून काढ जनावरं. खाली बुरशी आहे, मला वास येतोय."

हेइकाने आमच्याकडे वळून दोन्ही हात पसरले. "घ्या! किटलीवालीला वास आला!" आणि कुणीतरी, कोण ते आता आठवूनही उपयोग नाही, ते गाणं धरलं. नराच्या लेंड्या हुंगत येते. सगळे हसले. नीलासही हसला. तिने जगात कुणाला काही हुंगून सांगावं आणि लोकांनी ऐकावं, ही सोय त्या गाण्याने ईस्टरलाच बंद करून टाकली होती.

मग तिने आपल्या घंटावाल्या मादीच्या गळ्यात दोर बांधला आणि स्कीवर उभी राहून तिला माळाकडे ओढत नेलं. घंटा ऐकून तिच्या खुणेची काही मागे निघाली. हेइकाच्या कुत्र्यांनी बाकीची परतवली. जी वर पोचली, ती तिने शेजारच्या तांड्यात सोडली. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत, आणि तिला म्हणाले, "वहिनी, तूही इथेच थांब." ती थांबली नाही. तिची बरीचशी अजून खाली होती.

भर हिवाळ्यात एक दिवस पाऊस पडला आणि रात्रीत गोठला. दरीला काचेचं झाकण बसलं. आता काढायचं म्हटलं तरी पाय घसरून जनावरं मोडत होती. मग मरायला लागली. तोंडाला फेस, मागचे पाय फाकलेले, डोळे उघडे. कावळे डोळ्यांपासून सुरुवात करत, आणि काही वेळा जनावर मरायची वाटही बघत नसत. माग्गा खाली पडलेल्या माद्यांची तोंडं उघडून बोटांनी आतला राखाडी चोथा काढायची. उपयोग नव्हता. वसंतात ज्या उरल्या होत्या त्यांनी पाडसं टाकली, बर्फावर, एकामागून एक, ओली आणि निर्जीव. सुन्ना ती कातडी काढायला गोळा करत होती. पाडसाचं कातडं मऊ असतं, टोप्यांना छान होतं.

नीलासने तंबूचे खांब काढायला घेतले. दुसऱ्यांनीही. म्होरक्याचं नाक चुकलं, आता इथे कशाला राहायचं? हेइकाने ते पाहिलं आणि सगळ्यांना बोलावलं.

"माझं नाक चुकलं नाही," तो म्हणाला. "माझं नाक मेलंय. डोकं फुटलं तेव्हापासून. वास ही घेत होती, मला हातांनी खूण करत होती. धुतले तर खराब, झटकले तर चांगलं. दरीत हिने झटकले."

क्षणभर वाटलं, आता हेइकाला हाणतील. इतकी वर्षं आम्ही श्वास रोखून उभे राहिलो ते एका मेलेल्या नाकासमोर! पण माणसाला मूर्ख बनल्याचं दुःख असतं तेव्हा दुसरं काहीतरी पटकन हातात यावं लागतं. ते समोरच उभं होतं, किटलीसकट.

"मी धुतले," माग्गा म्हणाली. "दोनदा धुतले."

"कुणी पाहिलं?" सुन्नाने विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं.

"मी सांगितलं नव्हतं का, काढा म्हणून?"

"विष घालून मग वरून 'खाऊ नका' म्हणायला काय जातं! आणि तुझी बरी जगली ग माळावर? तुझीच कशी?"

नीलास म्हणाला, "अक्का, खरं सांग. गाण्यावरून केलंस?"

माग्गा त्याला म्हणाली, "दरीत जा आणि पडलेल्यांचे कान बघ. माझ्या आईची खूण किती कानांवर आहे ते मोज. तुझीही आईच ती."

पण आमच्याकडे जनावरं मोजत नाहीत. दुसऱ्याची मोजणं म्हणजे त्याच्या अंगात हात घालणं, आणि मेलेली मोजणं म्हणजे उरलेल्यांवर मरण बोलावणं. माद्या जगल्या किती, मेल्या किती, हे कुणी कुणाला विचारत नाही. नीलास गेला नाही. कुणीच गेलं नाही. गेला असता तर त्याला दिसलं असतं, की तिच्या खुणेची बहुतेक सगळी तिथेच पडली होती आणि माळावरची तेवढी म्हणजे उष्ट्यातला घास. मला हे माहीत आहे, कारण बर्फ वितळल्यावर मी कोल्ह्यांचे फास लावायला त्या दरीत हिंडलो, आणि कान सगळ्यात शेवटी सडतात.

हेइकाची सगळ्यांना दया आली. डोळस बायकोने आंधळ्याला दरीत ढकलावं, तसं काहीसं लोकांना दिसलं. बाकीच्या तांड्यांनी त्याला एकेक मादी दिली, नीलासनेसुद्धा. माग्गाने माळावरची आपली जनावरं विकली आणि ती किनाऱ्यावर मासे चिरायच्या कारखान्यात गेली. गाणं तिच्या आधी तिथे पोचलं होतं. तिथल्या बायका गाताना जराशा थांबायच्या, ती आत आली की. ती पुष्कळ वर्षं तिथे मासे चिरत राहिली आणि तिथेच खोकून मेली. पुरायला आमच्यातून दोघंजण गेलो. सुन्ना म्हणाली, "चला, शेवटी वासाच्याच धंद्यात गेली."

हेइका खूप जगला. गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरात त्याला खिडकीजवळची खाट मिळाली होती. मी अधूनमधून चीज घेऊन जायचो. वास नव्हता तरी कॉफीत बुडवून मऊ झालेलं चीज त्याला जिभेवर आवडायचं. सुन्नाही गेली त्या वर्षी मी त्याला सहज विचारलं, "आता कुणी उरलं नाही रे. त्या दिवशी तिने हात झटकले का?"

"धुतले," तो म्हणाला.

"मग?"

"मला वाटलं, आता ही सूड घेणार. चांगल्याला खराब म्हणणार आणि मला माळावर गारठवणार. म्हणून मी उलटं केलं."

"आणि जनावरं वर पळत होती तेव्हा?"

"तोवर सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो." त्याने कप पुढे केला. "आणखी चीज आहे का?"

माग्गाने दरीच्या तोंडाशी हात बर्फाने धुतले होते, दोनदा. हेइकाने दोन्ही वेळा पाहिलं होतं.